मधुमेह आणि स्मृतिभ्रंश : स्त्रीपुरुषांतील भेद
(नभोवाणीवरील भाषण)



इ. स. १९०१ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरच्या मनोरुग्णालयांत एका एकावन्न वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्यानें आणून दाखल केलें. तिचें नांव ऑगस्टे डेटर. तेथील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनीं तिला नांव विचारलें. तें तिनें बरोबर सांगितलें. आडनांव विचारलें, तेव्हां तिनें पुन्हां आपलें नांवच सांगितलें. नवऱ्याचें नांव काय, असें विचारल्यावरहि उत्तर तेंच आलें. १९०६ च्या एप्रिलमध्यें ही बाई वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून अल्झायमर यांनीं त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या ३ तारखेस ट्यूबिंगन येथील वैद्यसभेंत आपले निष्कर्ष मांडले. सभेंत त्यांवर चर्चादेखील झाली नाहीं. पुढें १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकांत या विकाराला अल्झायमर यांचें नांव दिलें, आणि ज्याच्या निबंधाकडे त्या दिवशीं कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं, त्याचें नांव आज घरोघर ऐकूं येतें.

ज्या रोगिणीवरून हा विकार वैद्यकाच्या ओळखीचा झाला ती स्त्री होती, हा योगायोग म्हणतां येईल. परंतु पुढें जसजशी मोजदाद होत गेली तसतशी एक गोष्ट वारंवार डोळ्यांपुढें येऊं लागली. अमेरिकेंत अल्झायमरच्या रोग्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश स्त्रिया आहेत. आपल्या देशांत साठीच्या पुढील लोकांची जी मोठी पाहणी झाली व जिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, तींत शेंकडा ७.४ वृद्धांना, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. आणि त्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें व शहरांपेक्षां खेड्यांचें प्रमाण अधिक आढळलें. त्याच वर्षीं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनें देशांत १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचें सांगितलें. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे मनांत सहजच प्रश्न येतो कीं, या दोन विकारांचा परस्परांशीं संबंध काय, आणि तो संबंध स्त्रीच्या व पुरुषाच्या बाबतींत एकसारखाच आहे काय? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करतों. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्मृतिभ्रंश हा शब्द आला आहे. पण तेथें तो क्रोध व मोह यांचा परिणाम म्हणून आला आहे. आपण तोच शब्द वैद्यकांतील डिमेन्शिया या संज्ञेसाठीं योजतों. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. चष्मा कशासाठीं असतो हेंच न कळणें, रोजच्या वाटेवर वाट चुकणें, चाळीस वर्षें ज्या हातांनीं पुरणपोळी केली त्या हातांना आधीं डाळ शिजवावयाची कीं कणीक भिजवावयाची हें न उमगणें, हीं त्याचीं लक्षणें होत. स्मरण, भाषा, हिशेब, निर्णय या शक्तींपैकीं एकाहून अधिक इतक्या खालावतात कीं, दुसऱ्याच्या आधाराशिवाय नित्याचा व्यवहार चालत नाहीं. हा एकच रोग नसून अनेक रोगांचा परिणाम आहे, व त्या रोगांत दोन प्रमुख आहेत. पहिला अल्झायमरचा. यांत एका प्रकारच्या प्रथिनाचे थर मेंदूच्या पेशींच्या बाहेर सांचतात व दुसऱ्या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आंत होतात. दुसरा रक्तवाहिन्यांचा. यांत मेंदूला रक्त पुरविणाऱ्या लहानमोठ्या नलिका तुंबल्यामुळें किंवा फुटल्यामुळें त्या त्या भागांतील पेशी मरतात. वृद्धांच्या मेंदूंत पुष्कळदां हे दोन्ही रोग एकत्र नांदतात, तरी हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचेंच काम पडणार आहे.

मधुमेहाची ओळख आपल्याकडे फार जुनी. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्याचें वर्णन आहे. परंतु जोंवर मधुमेही माणूस फार दिवस जगत नव्हता, तोंवर त्याच्या म्हातारपणींच्या बुद्धीचा प्रश्न निघण्याचें कारण नव्हतें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या मुलाला तें प्रथम टोंचण्यांत आलें. १९३६ त हॅरल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं मधुमेह एक नसून दोन आहेत. एकांत शरीराला इन्शुलिनच पुरेसें मिळत नाहीं, तर दुसऱ्यांत तें असूनहि शरीर त्याला दाद देत नाहीं. आपल्याकडे घरोघर दिसतो तो बहुधा हा दुसरा प्रकार. औषधांनीं हा रोगी सत्तरी-ऐंशी गांठूं लागला, आणि मग कोठें त्याच्या मेंदूकडे पाहण्याची वेळ आली.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या एका उपनगरांत वृद्धांची एक दीर्घकालीन पाहणी १९९० पासून चालू झाली. तींतील ६,३७० लोकांचा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरी दोन वर्षांच्या कालांत त्यांपैकीं १२६ जणांना स्मृतिभ्रंश जडला, आणि मधुमेह असलेल्यांत तो इतरांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणांत होता. पुढें अनेक देशांत अशाच पाहण्या होऊन सामान्यतः हाच कल दिसून आला. १९८५ पासून लंडनमधील सरकारी नोकरांवर चाललेल्या पाहणींतून २०२१ सालीं आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. मधुमेह जितका लवकरच्या वयांत जडतो तितका धोका वाढतो. दर पांच वर्षांमागें सुमारें एकचतुर्थांश. या पाहणींत स्त्रिया एकतृतीयांशच होत्या. सरकारी कचेरींतील खुर्च्यांवर त्या काळीं कोण बसत असे याचें तें प्रतिबिंब आहे. परंतु अशा पाहण्यांवरून स्त्रियांविषयीं अनुमान काढतांना जरा जपूनच असावें लागतें.

साखरेचा मेंदूशीं संबंध कसा येतो, हें थोडक्यांत पाहूं. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ च्या आसपास असतें. पण शरीर जो प्राणवायु खर्च करतें त्याचा सुमारें पंचमांश एकटा मेंदू घेतो. असा खर्चिक अवयव रक्तपुरवठ्यांतील लहानशी उणीवहि सहन करीत नाहीं. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें चढी राहिली म्हणजे केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडतात. डोळ्याच्या पडद्यांत व मूत्रपिंडांत जें घडतें तेंच मेंदूंतहि घडतें; फरक इतकाच कीं, डोळ्याचा पडदा डॉक्टरला बाहेरून दिसतो आणि मेंदूच्या खोल भागांतील बारीक वाहिन्यांचें जाळें साध्या तपासणींत दिसत नाहीं. दुसरी वाट इन्शुलिनची. शरीरांत एक एन्झाइम असें आहे कीं, काम झालेलें इन्शुलिन मोडून काढणें हें त्याचें कर्तव्य, व अल्झायमरच्या रोगांत सांचणारें प्रथिन मोडणें हेंहि त्याचेंच. शरीर इन्शुलिनला दाद देईनासें झालें कीं रक्तांत इन्शुलिनची पातळी वाढते, आणि एन्झाइम एका कामांत गुंतल्यामुळें दुसरें काम मागें पडत असावें, असा तर्क आहे. एवढ्यावरून कांहींनीं अल्झायमरच्या रोगाला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ असें नांवहि देऊन टाकलें. मला हें नांव घाईचें वाटतें. मधुमेह मुळींच नसलेल्या कित्येकांना अल्झायमरचा रोग होतो व बहुसंख्य मधुमेह्यांना तो होत नाहीं. तेव्हां नातें आहे असें म्हणावें, एकरूपता आहे असें म्हणूं नये.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळतों. २०१६ सालीं निरनिराळ्या देशांतील १४ पाहण्या एकत्र करून एक मोठा हिशेब मांडण्यांत आला. त्यांत २३ लाखांवर माणसें व एक लाखावर स्मृतिभ्रंशाचे रोगी होते. स्त्रिया व पुरुष यांचा हिशेब प्रत्येक ठिकाणीं वेगळा केला होता, हें त्याचें वैशिष्ट्य. सर्व प्रकारचे स्मृतिभ्रंश जमेस धरले तर मधुमेही स्त्रीचा धोका मधुमेह नसलेल्या स्त्रीच्या १.६२ पट निघाला, व मधुमेही पुरुषाचा मधुमेह नसलेल्या पुरुषाच्या १.५८ पट. म्हणजे येथें भेद नाहींच म्हटला तरी चालेल. परंतु रक्तवाहिन्यांच्या विकारानें होणारा स्मृतिभ्रंश वेगळा काढला, तेव्हां चित्र बदललें. स्त्रियांत तो धोका २.३४ पट आणि पुरुषांत १.७३ पट झाला. मीं मघाशीं जो भेद ध्यानांत ठेवावयास सांगितला होता त्याचें प्रयोजन हें.

येथें जन्मभर गणित शिकविलेल्या माणसाला थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. पटींचे आंकडे ऐकून घाबरण्याची आपणांस फार संवय आहे. समजा, एका वयाच्या मधुमेह नसलेल्या हजार स्त्रिया व हजार पुरुष घेतले, आणि कांहीं वर्षांत दोहोंतहि प्रत्येकीं दहा जणांना हा रक्तवाहिन्यांचा विकार झाला. तर हजार मधुमेही स्त्रियांत तो तेवीस जणींना होईल, आणि हजार मधुमेही पुरुषांत सतरा जणांना. म्हणजे हजारांतील नऊशें सत्याहत्तर मधुमेही स्त्रिया त्यांतून सुटल्या! हे दहा, सतरा व तेवीस मीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. पण मधुमेह म्हणजे स्मृतिभ्रंशाचें समन्सच, असा जो धसका कित्येक घरांतून घेतला जातो, त्याला आधार नाहीं हें त्यांवरून कळेल. दुसरें असें कीं, कोणी चौकस श्रोता २.३४ ला १.७३ नें भागून १.३५ काढील व म्हणेल, स्त्रियांचा धोका पस्तीस टक्क्यांनीं अधिक. संशोधकांनीं मात्र एकोणीस टक्केच सांगितला आहे. याचें कारण, प्रत्येक पाहणींतल्या स्त्रियांची तुलना त्यांनीं आधीं त्याच पाहणींतल्या पुरुषांशीं केली, आणि मग त्या तुलनांची वजनवार सरासरी काढली. सरासऱ्यांचा भागाकार आणि भागाकारांची सरासरी या दोन गोष्टी एक नव्हेत, हें शाळेंत मुलांना पटविणेंहि सोपें नसतें.

स्त्रियांत हा अधिक धोका कां? याचें एकच एक उत्तर नाहीं. मात्र कांहीं कारणांना बळकट पुरावा आहे.

सामान्यतः पन्नाशीपर्यंत स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना पुरुषाच्या मानानें निसर्गाचें संरक्षण असतें. मधुमेह झाला कीं तें संरक्षण बरेंच गळून पडतें. २०१४ सालच्या अशाच एकत्रित हिशेबांत मधुमेहामुळें हृदयविकाराचा धोका पुरुषांत जितका वाढतो त्याहून स्त्रियांत शेंकडा ४४ नें अधिक वाढतो असें आढळलें, आणि पक्षाघाताचा शेंकडा २७ नें. मेंदूच्या वाहिन्यांचेंहि तेंच झालें तर नवल नाहीं. शिवाय मधुमेह उघडकीस येण्यापूर्वीं स्त्रीचें शरीर पुरुषापेक्षां अधिक बिघडलेलें असतें. स्कॉटलंडमधील २०११ सालच्या एका अभ्यासांत मधुमेहाचें निदान झालें त्या वेळचीं वजनें पाहिलीं. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो, तो पुरुषांत सुमारें ३२ व स्त्रियांत सुमारें ३४ होता. म्हणजे पुरुषाचें शरीर थोड्या वजनवाढीनें मधुमेहाला शरण जातें. स्त्रीचें अधिक काळ झुंजतें. पण त्या झुंजीच्या वर्षांत रक्तदाब, चरबी व वाहिन्यांची सूज हीं सर्व आंतल्या आंत वाढत असतात. निदानाचा दिवस हा स्त्रीच्या बाबतींत रोगाचा पहिला दिवस नसतो. आणि निदान झाल्यावरहि रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवरील औषधयोजना स्त्रियांच्या बाबतींत ढिली राहते, असें अनेक देशांत दिसून आलें आहे. याला शरीरशास्त्र जबाबदार नाहीं. नवऱ्याच्या गोळ्या वेळेवर आणून देणारी बाई स्वतःची गोळी संपली हें चार दिवस कोणाला सांगत नाहीं. हें आपल्यालाहि परिचयाचें आहे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हा अंतःस्राव कमी होतो, व या द्रव्याचा मेंदूला आधार असतो, म्हणून तें बाहेरून दिलें तर स्मृति टिकेल अशी एक आशा पुष्कळ वर्षें होती. ती कसोटीला लावण्यासाठीं अमेरिकेंत ६५ वर्षांच्या पुढील ४,५३२ स्त्रियांवर प्रयोग करण्यांत आला. निम्म्यांना इस्ट्रोजेन व त्याच्या जोडीचा दुसरा अंतःस्राव, आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या. २००३ सालीं निकाल हातीं आला. औषध घेणाऱ्यांपैकीं ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला होता, आणि न घेणाऱ्यांपैकीं २१ जणींना! आशेच्या अगदीं उलट. पुढें पन्नास ते पंचावन्न या वयांत हें औषध घेतलेल्या स्त्रियांची तपासणी झाली, तींत ना लाभ दिसला ना हानि. तेव्हां इस्ट्रोजेनचें मेंदूशीं नातें आहे हें खरें; परंतु जें शरीरानें वेळीं बंद केलें तें उशीरां पुन्हां सुरू केल्यानें मूळची स्थिति परत येत नाहीं. म्हातारपणीं बुद्धि टिकावी एवढ्यासाठींच या गोळ्या घेऊं नयेत, असें आतां वैद्यकाचें मत आहे.

स्त्रियांचें आयुष्य पुरुषांहून अधिक असतें, आणि स्मृतिभ्रंश हा मुख्यतः उतारवयाचा विकार. म्हणून रोगिणींची संख्या अधिक दिसते, असा एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. तो रास्त आहे, आणि अमेरिकेंतील दोनतृतीयांशाचा बराचसा उलगडा त्यानें होतो. मात्र २०१६ चा हिशेब त्या आक्षेपानें ढळत नाहीं, कारण तेथें स्त्रीची तुलना स्त्रीशीं व पुरुषाची पुरुषाशीं आहे. शिवाय सगळाच भार स्त्रियांकडे आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची जी सौम्य पायरी, तींत पुरुषांचें प्रमाण शेंकडा १९ व स्त्रियांचें शेंकडा १४ आढळलें. हें कोडें कसें सोडवावें? पुरुष त्या पायरीवर लवकर येतात व तेथें रेंगाळतात, स्त्रिया उशीरां येतात व झपाट्यानें पुढें जातात, असें एक म्हणणें. दुसरें म्हणणें असें कीं, स्त्रिया त्या पायरीवर असतात, पण आपल्याला दिसत नाहींत.

या दुसऱ्या म्हणण्यांत मला फार तथ्य वाटतें, व घरच्या माणसांच्या दृष्टीनें तेंच सर्वांत महत्त्वाचें आहे. स्मरणशक्तीची एक प्रचलित परीक्षा अशी आहे : पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवितात, व कांहीं वेळानें त्यांतील किती आठवतात तें विचारतात. शब्दांच्या स्मरणांत स्त्रिया जन्मभर पुरुषांच्या पुढें असतात. त्यामुळें मेंदूत सारखाच बिघाड झालेल्या एका स्त्रीची व एका पुरुषाची परीक्षा घेतली, तर पुरुष नापास होतो आणि स्त्री उत्तीर्ण! उत्तीर्णतेची रेषा दोघांना एकच, पण स्त्रीनें सुरुवात वरून केलेली असते. ती रेषेखालीं येईपर्यंत रोग पुष्कळ पुढें गेलेला असतो. २०१६ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं मेंदूच्या छायाचित्रांशीं गुण ताडून हें दाखवून दिलें. घरांतहि असेंच घडतें. आजी पाहुण्यांशीं मोकळेपणीं बोलतात, नातवंडांची विचारपूस करतात, लग्नामुंजींच्या आठवणी काढतात. मग त्यांना विस्मृतीचा विकार आहे असें कोण म्हणेल? पण त्या आठवणी जुन्या असतात, बोलणें ठरीव वळणाचें असतें, आणि सकाळीं गोळी घेतली कीं नाहीं एवढेंच नेमकें सांगतां येत नाहीं.

आपल्या देशांत या परीक्षेची अडचण उलट दिशेनेंहि येते. १९७५ सालीं अमेरिकेंत तयार झालेली तीस गुणांची एक प्रसिद्ध परीक्षा आहे. तींत शंभरांतून सात सात वजा करावयास सांगतात, एक वाक्य वाचावयास देतात, एक लिहावयास सांगतात. जिनें पाटी कधीं हातीं धरली नाहीं ती बाई येथें रोगाशिवायच नापास व्हावयाची. १९५१ च्या शिरगणतींत आपल्या देशांत शंभर पुरुषांमागें सत्तावीस साक्षर होते आणि शंभर स्त्रियांमागें जेमतेम नऊ. आज ज्या ऐंशीच्या घरांत आहेत त्या बायकांचें बालपण त्याच काळांतलें. हरयानांतील बल्लभगड भागांत पाहणी करतांना हीच अडचण पुढें आली, म्हणून निरक्षरांनाहि उत्तरें देतां यावींत अशी त्या परीक्षेची हिंदी आवृत्ति १९९५ सालीं सिद्ध करण्यांत आली. परंतु शिक्षणाचा संबंध परीक्षेपुरताच नाहीं. बालपणीं मिळालेलें शिक्षण मेंदूला जणूं शिल्लक बांधून देतें. पुढें रोगानें खर्च सुरू केला तरी ती शिल्लक कांहीं वर्षें पुरते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचीं टाळतां येण्याजोगीं चौदा कारणें सांगितलीं. त्यांत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बहिरेपणा, एकाकीपणा हीं आहेतच, पण बालपणींच्या शिक्षणाचा अभाव हेंहि आहे. हीं सर्व दूर करतां आलीं तर जगांतील शेंकडा ४५ पर्यंत रोगी टळतील किंवा त्यांचा रोग लांबेल, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. आपल्याकडील वृद्ध स्त्रियांत हा विकार अधिक कां, याच्या उत्तराचा एक भाग शरीरांत नसून बंद ठेवलेल्या शाळेच्या दारांत आहे.

आपल्या प्रांताशीं निकट संबंध असलेली एक गोष्ट येथें सांगतों. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बाळांचें वजन सरासरी २.७ किलोग्रॅम, आणि इंग्लंडमधील बाळांचें ३.५. पण आपलीं बाळें दिसण्यांत बारीक असूनहि त्यांच्या अंगांत चरबीचें प्रमाण त्या मानानें अधिक असतें, असें त्यांना आढळलें. किडकिडीत शरीराच्या आपल्या माणसांना मधुमेह इतक्या लवकर कां होतो, याचें मूळ अशा रीतीनें आईच्या पोटापर्यंत पोंचतें. ज्या स्त्रीला गरोदरपणीं मधुमेह होतो तिला पुढील आयुष्यांत तो कायमचा होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या जवळजवळ दहापट असतो. बाळंतपण पार पडलें, साखर उतरली, म्हणून तो कागद कपाटांत टाकून दिला जातो. वास्तविक त्या बाईची साखर त्यानंतर ठराविक कालानें तपासत राहणें अगत्याचें असतें.

उपायांकडे वळतांना प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. साखर वाईट, तर ती जितकी खालीं आणावी तितका मेंदू सुरक्षित, असें सरळ त्रैराशिक येथें चालत नाहीं. अमेरिकेंत व कॅनडांत सुमारें तीन हजार मधुमेह्यांवर असा प्रयोग झाला. अर्ध्यांची साखर अतिशय कडकपणें खालीं ठेवली व अर्ध्यांची नेहमींप्रमाणें. २०११ सालीं निकाल लागला. चाळीस महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या बुद्धीच्या परीक्षांत फरक पडला नव्हता. उलट साखर फार उतरणें हा मेंदूला दुसराच घात. कॅलिफोर्नियांतील १६,६६७ मधुमेह्यांची हकीकत २००९ सालीं प्रसिद्ध झाली. साखर उतरून रुग्णालय गांठण्याचा प्रसंग ज्यांच्यावर एकदां आला त्यांचा पुढें स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारें सव्वापट, दोनदां आला त्यांचा १.८ पट, आणि तीन वा अधिक वेळां आला त्यांचा जवळजवळ दुप्पट झाला होता. म्हणूनच ज्या वृद्धांची स्मृति खालावली आहे किंवा ज्यांना इतर मोठे विकार आहेत, त्यांच्या बाबतींत डॉक्टर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आंकडा सातच्या खालीं ओढण्याचा हट्ट धरीत नाहींत. आठच्या आसपासचाहि मान्य करतात.

आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांचा या गोष्टीशीं विशेष संबंध आहे, कारण उपवास. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र. मधुमेहाची गोळी सकाळीं नेहमींप्रमाणें घेतलेली, आणि पोटांत सायंकाळपर्यंत कांहीं नाहीं. इन्शुलिन किंवा इन्शुलिन वाढविणाऱ्या कांहीं गोळ्या चालू असतां असें केलें कीं दुपारीं साखर एकाएकीं उतरते, आणि सायंकाळीं साबूदाण्याच्या खिचडीनें ती तितकीच एकाएकीं चढते. कारण साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तरुण माणसाला साखर उतरली कीं दरदरून घाम सुटतो, हात कांपतात, म्हणून तें कळतें. वृद्धाला पुष्कळदां हें कांहींच होत नाहीं. तो केवळ असंबद्ध बोलूं लागतो किंवा गप्प बसून राहतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, वयामुळें असावें. अशा वेळीं ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. यंत्र हाताशीं नसेल व माणूस शुद्धीवर असून गिळूं शकत असेल, तर दोनतीन चमचे साखर पाण्यांतून देणें हाच शहाणपणा. उपवास सोडावा असें मी म्हणत नाहीं. पण कोणत्या दिवशीं कोणती गोळी घ्यावी व किती, हें आधीं डॉक्टरांना विचारून घ्यावें.

आणखी एक कारण आपल्याकडे विशेष आढळतें, आणि तें बरें होण्याजोगें असल्यामुळें त्याचा उल्लेख अवश्य करावासा वाटतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें तरी विस्मरण होतें, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. तें धान्यांत किंवा भाज्यांत मिळत नाहीं, आणि शाकाहारी घरांत दूधहि वृद्ध स्त्रीच्या वांट्याला थोडेंच येतें. त्यांत मधुमेहावर सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षें घेतल्यास शरीराला ब-१२ कमी मिळूं लागतें. गोळी चांगली आहे, ती आपल्या मतानें बंद करूं नये. परंतु आजींना विसरूं लागलें म्हणजे अल्झायमरचें नांव काढण्यापूर्वीं रक्तांतील ब-१२ तपासून घ्यावें. त्याचप्रमाणें कंठग्रंथीचें काम मंदावलें आहे काय, कानांनीं कमी ऐकूं येतें काय, मन खिन्न आहे काय, हेंहि पाहावें.

फिनलंडमध्यें ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० माणसांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०१५ सालीं आला. दोन वर्षें आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाब-साखरेची देखरेख अशीं चारहि अंगें एकदम सांभाळलेल्या गटाची बुद्धि नुसता सामान्य सल्ला मिळालेल्या गटाहून चांगली राहिली. आणि पुढील छाननींत हा लाभ स्त्रियांना व पुरुषांना सारखाच झालेला दिसला. रोगाची वाट दोघांची थोडी निराळी असली तरी या उपायांत भेद आढळला नाहीं.

घरांत मधुमेही वृद्ध स्त्री असेल तर तिच्या बोलण्यावरून तिची परीक्षा करूं नये, कामावरून करावी. आमटींत मीठ दोनदां पडूं लागलें आहे काय, दूधवाल्याच्या हिशेबाला हल्लीं टाळाटाळ होते काय, देवपूजेचा क्रम चुकतो काय, औषधाच्या पाकिटांत दिवसांच्या मानानें गोळ्या कमी उरतात कीं अधिक? यांतलें शेवटचें सर्वांत निकडीचें. इन्शुलिन स्वतः टोंचून घेणारी बाई घेतल्याचें विसरली तर दुसऱ्यांदां टोंचून घेते, आणि त्यानें प्राणावर बेतूं शकतें. अशी शंका आली त्याच दिवसापासून सुई दुसऱ्या कोणीतरी देऊं लागावें, आणि शेजारीं एक वही ठेवून तारीख, वेळ, मात्रा व देणाऱ्याची सही अशी नोंद करावी. घरांत दोघेतिघे देणारे असले तर ही वही अधिकच लागते. डॉक्टरांकडे जातांना तीच बरोबर न्यावी.